एक्केचाळीस नावांचं पान

कालिंदीने अंगठ्याने स्पेसबार अकरा वेळा दाबला, मनात मोजून, आणि त्यापुढे तहसील कचेरी, वारासिवनी हे शब्द बसवले. फाइल सेव्ह करून तिने पान उघडून पाहिलं. महागू पंचेश्वर, चौऱ्याऐंशी साल आणि वारासिवनीची तहसील कचेरी एकमेकांना खेटून उभे होते. अकरा जागांपैकी एकच शिल्लक होती. बाकीच्या दहा कॉम्प्युटरने गिळल्या होत्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

“प्रीतम, हे पुन्हा तसंच आलं,” ती म्हणाली.

“रिफ्रेश मारा, मॅडम.”

तिने रिफ्रेश केलं. तसंच.

“असं काहून होते?”

“होते तसं,” प्रीतम म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रिंट काढायला उठला.

कालिंदीच्या डोक्यात तिडीक गेली. हनुमान चौकाजवळची मोघे टायपिंग इन्स्टिट्यूट ती तेवीस वर्षं चालवत होती, आणि तेवीस वर्षांत कुठल्याही पोराला तिने ‘होते तसं’ असं उत्तर दिलं नव्हतं. शीर्षक कागदाच्या मधोमध आणायचं तर अक्षरं मोजायची, ओळीतल्या ऐंशी जागांतून वजा करायची, उरतील त्यांचं अर्धं करायचं. तक्ता टाइप करायचा तर प्रत्येक रकान्याच्या जागा आधी कच्च्या कागदावर मांडायच्या. ज्याने मोजलं त्याचं सरळ येणार, ज्याने नाही मोजलं त्याचं वाकडं. बालाघाटच्या कचेऱ्यांत सरळ रकाने पाहिले की बडे बाबू म्हणत, हा मोघे मॅडमच्या हाताखालचा दिसतो. आणि आता हे यंत्र तिने मोजलेलं मोजत नव्हतं.

त्यात भर म्हणजे शिकवणारा प्रीतम. खैरलांजीचा हा पोरगा तिच्याच इन्स्टिट्यूटमध्ये चार नंबरच्या मशीनवर बसायचा आणि टायपिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाला होता. कारण एकच, तो बटनांकडे बघून टाइप करायचा. तिने त्याच्या हातांवर पुठ्ठ्याचा खोका झाकून पाहिला, बोटांवर फूटपट्टीही मारली. त्याची मान काही वर आली नाही. आता त्याचं सहा कॉम्प्युटरचं सायबर कॅफे होतं, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कालिंदी त्याच्या फिरत्या खुर्चीवर विद्यार्थिनी होऊन बसली होती. खुर्ची तिच्या मर्जीविरुद्ध डावीकडे फिरायची.

शिकणं भाग होतं. या वर्षी तिच्याकडे चौदा मशीन होत्या आणि पोरं सहा. सरकारचा कॉम्प्युटरचा नवा अभ्यासक्रम येत होता. ज्या केंद्राला तो हवा, त्याच्या चालकाने स्वतः बनवलेलं वेबपान शनिवारी भोपाळहून येणाऱ्या साहेबांना दाखवायचं होतं. पास झालं तर मान्यता. कालिंदीने मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर बसवायचे, पुढच्या खोलीत मशीन तशाच राहू द्यायच्या. पोरं कॉम्प्युटरसाठी येतील, आणि आधी बोटं घडवायला पुढे बसतील. मशीन वाचतील. तिला खरी ओढ त्या मशीनचीच होती.

म्हणून पानावर वर लिहिलं होतं, हिंदी-इंग्रजी टायपिंग, नवी बॅच एक जुलैपासून. आणि खाली एक्केचाळीस नावं: तिच्या हाताखालून पास होऊन नोकरीला लागलेली पोरं, साल आणि कचेरीसकट. पहिल्याच दिवशी प्रीतमने यादी वरून खालपर्यंत वाचली होती.

“माह्यं नाव नाही टाकलं, मॅडम?”

“पास झाला असतास तं राह्यलं असतं,” ती म्हणाली होती. तो हसला होता, पण पुन्हा त्याने विषय काढला नाही.

प्रिंट देऊन परत आल्यावर त्याने सांगितलं, की रिकामी जागा हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा शब्द लिहावा लागतो, प्रत्येक जागेला एकदा. कालिंदीने तोही लिहिला. एका ओळीत एकोणीस वेळा, दुसरीत तेवीस. चार दिवस ती दुपारभर हेच करत होती. त्यात दोन वाजता लाइट जायची, आणि सेव्ह न केलेलं सगळं लाइटीबरोबर जायचं. एवढं करून रकाने जुळले, तर बाजूच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडल्यावर सगळे गचके खात वाकडे झालेले. पाचव्या दिवशी प्रीतम समोसा खाता खाता म्हणाला की टेबल नावाची एक सोय आहे, त्यात रकाने आपोआप सरळ राहतात.

कालिंदीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“हे तू मले पाच दिवसांनी सांगून राह्यला?”

“तुमी विचारलंच नाही,” प्रीतम म्हणाला. “तुमी तं म्हणल्या, जागा काहून जाते.”

तिला उठून घरी जावंसं वाटलं. फूटपट्टी घरी राहिली होती हे त्या दिवशी त्याचं नशीब. पण घरी जाऊन सहा पोरांच्या समोर बसायचं आणि जुलैत तीही नसतील याची वाट पाहायची, त्यापेक्षा हा अपमान बरा. तिने सगळी यादी टेबलात पहिल्यापासून लिहून काढली.

लिहिताना एक गंमत होती, आणि तिथे मात्र तिचं कुठे अडत नव्हतं. ज्या नोटपॅडमध्ये पान लिहायचं, त्यात हिंदी अक्षरं दिसतच नसत. क दाबला की इंग्रजी डी उमटायचा, त दाबला की आर. पान उघडल्यावर हिंदीचा फॉन्ट त्याच इंग्रजी अक्षरांना हिंदी रूप द्यायचा. प्रीतम याला वैतागायचा. प्रत्येक शब्दानंतर पान उघडून खात्री करायचा. कालिंदीला खात्री करायची गरज नव्हती. बटनांच्या जागा त्याच होत्या, तिच्या मशीनवरच्या. पडद्यावर काय उमटतं याच्याशी बोटांना काही देणंघेणं नव्हतं.

गुरुवारी यादी पुरी झाली आणि नथ्थू ढोमणेचं आडनाव गायब झालं. नथ्थू होता, साल होतं, कलेक्टर कचेरी होती. ढोमणे नव्हता. तिने पुन्हा लिहिलं. नव्हता. प्रीतमने रिफ्रेश केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, शेवटी हात टेकले.

“मॅडम, यालेच काढून टाका. चाळीस नावं कमी नाही.”

“नथ्थू खैरलांजीहून सायकलने यायचा,” ती म्हणाली. “पावसातही. त्याले नाही काढणार मी.”

ती पडद्याकडे बघत बसली आणि दोन्ही हातांनी टेबलावर आडनाव हळूच टाइप करू लागली. ढ. बोट जिथे गेलं तिथे थांबलं. इंग्रजीत त्या बटनावर कोनासारखा कंस होता, आणि पान मांडताना कॉम्प्युटरला दिलेला प्रत्येक हुकूम त्याच कंसाने सुरू व्हायचा. कॉम्प्युटरला ढ दिसतच नव्हता. त्याला वाटत होतं, कोणी नवा हुकूम सुरू केला, म्हणून कंस बंद होईपर्यंतचं सगळं तो पोटात घालत होता.

तिने ते प्रीतमला सांगितलं. मग त्याने कंसाऐवजी लिहायची चार अक्षरं सांगितली, आणि नथ्थू ढोमणे आपल्या जागी येऊन उभा राहिला.

“हे मले नव्हतं मालूम,” प्रीतम म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा असं कबूल केलं होतं. कालिंदी रात्री जेवताना नवऱ्याशी त्याबद्दल दोनदा बोलली.

शनिवारी एका कॉलेजच्या खोलीत आठ कॉम्प्युटर मांडले होते. कोणी आयतं काही भरून ठेवू नये म्हणून आदल्या दिवशी ते सगळे पुसून कोरे केले होते. भोपाळचे साहेब पस्तिशीचे, बारीक मिशांचे, घड्याळ पुन्हा पुन्हा बघणारे. प्रीतमही आपल्या कॅफेसाठी मान्यता मागायला आला होता; त्याचं पान इंग्रजीत होतं. त्याला पाच मिनिटांत ठीक है मिळालं. पण तो घरी गेला नाही, कालिंदीच्या खुर्चीमागे उभा राहिला.

कालिंदीने फ्लॉपी घातली. पान उघडलं. रकाने आखल्यासारखे सरळ होते आणि त्यांत वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा होता. कोऱ्या केलेल्या कॉम्प्युटरमध्ये हिंदीचा फॉन्ट नव्हता.

तिला हे सुचलंच नव्हतं. कागदावर उमटलेलं अक्षर वारासिवनीला न्या की भोपाळला, ते तेच राहतं. कागद पोचला त्या गावी अक्षरंच मिळाली नाहीत तर, असा विचार मशीनवर बसणाऱ्याच्या मनात येत नाही. प्रीतमला सुचायला हवं होतं, पण त्याच्या सहाही कॉम्प्युटरमध्ये फॉन्ट होता, म्हणून फॉन्ट जगात सगळीकडे असणार असं तो धरून चालला होता. तिचे कान तापले. दोन आठवड्यांची कटकट, एकोणीस आणि तेवीस जागा, टेबल, ढोमणे, सगळं पाण्यात गेलं होतं.

“ये क्या है?” साहेबांनी विचारलं.

प्रीतमने फॉन्ट टाकू द्या म्हणून विनंती केली. साहेब म्हणाले, मशीनमध्ये काहीही नवीन टाकायचं नाही असा नियम आहे. जे दिसतं त्यावरच गुण.

“सर, ऐसे तो आपके दफ्तर का हिंदी लेटर भी नहीं खुलेगा इस पे,” प्रीतम म्हणाला.

साहेबांना ते लागलं. त्यांनी बॅगेतून स्वतःची फ्लॉपी काढली, आपल्या दफ्तराचं एक पत्र उघडलं. पडद्यावर तसाच कचरा पसरला. खोलीत कोणीतरी हसू दाबलं.

कालिंदी पत्राकडे बघत होती. बघता बघता तिची बोटं मांडीवरून टेबलाच्या कडेवर आली आणि आपसूक चालू लागली. तिला ते कळलंही नसेल. कानावर पडला तो तिचा स्वतःचा आवाज, डिक्टेशन देताना असतो तसा, सपाट आणि स्पष्ट.

“समस्त केंद्रों को सूचित किया जाता है कि,” तिने ओळ बदलली, “एक जुलाई से मशीन पर हिंदी तथा अंग्रेजी टाइपिंग की परीक्षा समाप्त की जाती है.”

बोटं थांबली. मग पुन्हा चालली, त्याच वेगाने.

“जिले के सभी टाइपिंग केंद्रों की मान्यता उसी दिन से निरस्त मानी जाए.”

साहेबांचा चेहरा उतरला. पत्र सोमवारी द्यायचं होतं. ते म्हणाले, “आपने ये पढ़ा कैसे?”

“पढ़ा नहीं, सर,” कालिंदी म्हणाली. “टाइप किया.”

साहेबांनी आपली फ्लॉपी काढून खिशात ठेवली, घड्याळाकडे न बघता. मग प्रीतमकडे वळून म्हणाले, “डालो फॉन्ट.” दोन मिनिटं लागली. पान उघडलं तशी एक्केचाळीस नावं हिंदीत उभी राहिली, साल सालाखाली, कचेरी कचेरीखाली, नथ्थू ढोमणे पुऱ्या आडनावासकट. साहेबांनी वरून खालपर्यंत पाहिलं आणि कागदावर गुण लिहिले. मान्यता मिळेल, असं ते म्हणाले. आवाजात थोडी शरम होती.

“एक मिनट, सर,” कालिंदी म्हणाली.

तिने नोटपॅड उघडलं. बाणाच्या बटनाने वर गेली, टायपिंगची नवी बॅच एक जुलैपासून या ओळीवर थांबली. तिथेही तोच इंग्रजी कचरा होता. तिने ती एकदा पूर्ण वाचली, बोटं न हलवता. मग ओळ निवडली, डिलीट दाबलं, सेव्ह केलं आणि परत पान बघायला आली.

ओळ जागच्या जागीच होती.

विचारायचं तर कोणाला, आणि काय. मागून प्रीतम खाली वाकला.

“रिफ्रेश मारा, मॅडम,” तो हळू म्हणाला.

तिने बटनाकडे न बघता बोट तिथे नेलं. एक्केचाळीस नावं एक ओळ वर सरकली. रकाने सरळच राहिले.