मडक्यातला समुद्र

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात होडी हाकणाऱ्या अंबाजी तांडेलाचा तोरा आधीच मोठा, आणि १९३१ च्या हंगामात तर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. शाळेच्या महादेवमास्तरांनी एक खूळ घेतले होते: समुद्र किती तापतो आणि पुढे पाऊस किती पडतो, याचा मेळ लावायचा. पाऱ्याची नळी मास्तरांकडे होती, पण दूरचे पाणी आणणार कोण? अंबाजीच. सात महिने तो रोज होडी किनाऱ्याकडे वळवताना मडके भरून आणी, आणि संध्याकाळी शाळेच्या ओटीवर मास्तर त्यात नळी बुडवून आकडा टिपत. ती वही आता पुण्याच्या वेधशाळेत जाणार होती, पहिल्या पानावर अंबाजीचे नाव घालून. कोळीवाड्याला हे तोंडपाठ होते, कारण अंबाजी दुसरे काही बोलतच नव्हता.

वही टपालात पडायच्या आदल्या दिवशी तो उन्हातून आला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"गार हाय ना?" बायको सखुबाई म्हणाली. "नवं मडकं आनलंय. पाझरतं चांगलं."

अंबाजीने ओल्या मडक्यावर हात फिरवला. मास्तरांना पाणी द्यायचे तर पाहुण्याला देतात तसे, म्हणून त्यानेही नवेकोरे मडके घेतले होते. त्यात समुद्र रोज तीन तास गार होत होता! कुणाला कळणार होते? कुणालाच नाही. पण समुद्राविषयी खोटे आपल्या नावावर जावे, हे त्याला सोसेना. लाजेने कान तापले, तरी तो तडक शाळेत गेला.

"मास्तर, वही धाडू नका. समुद्र येवढा गार न्हाय. माजं मडकं गार हाय."

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः होडीत बसले. बालदी वर येताच नळी बुडवली: शहाऐंशी अंश फॅरनहाइट. तेच पाणी मडक्यातून शाळेत पोचले, तेव्हा ऐंशी.

मास्तरांनी वही उघडली. मग शेवटापासून एकेक पान खोडत गेले. पहिल्या पानाशी त्यांचा हात थांबला.

"माजं नाव बी खोडा," अंबाजी म्हणाला.

"ते नाही खोडणार. पुढल्या हंगामात नळी तुझ्याच हातात राहील. आकडे तेवढे शीक."

होड्या किनाऱ्यावर ओढल्या होत्या, तो सारा पावसाळा पंचेचाळिशीचा तांडेल पाटीवर आकडे गिरवत बसला. नारळी पौर्णिमेनंतर त्याने भर समुद्रात वहीत पहिला आकडा लिहिला. आकडा वाकडा होता, पण खरा होता.

कोळीवाड्यात मात्र तो त्या आकड्याची बढाई मारत नसे. येईल त्याला वही उघडून तो खोडलेले सात महिने दाखवी आणि छाती काढून म्हणे, "हे मी खोडायला लावलं."