रक्तबाबांच्या दोन वाट्या

हॉलमध्ये खुर्च्या कमी आणि दुखणी जास्त होती. डाव्या वाटीतला रुग्णाच्या रक्ताचा थेंब गोठला की सगळा हॉल 'अरेरे' म्हणायचा. मग बाबांनी फुंकर मारली आणि उजव्या वाटीतला त्याच रुग्णाचा थेंब पातळ राहिला की तोच हॉल टाळ्या पिटायचा.

"गोठलं तो शाप!" रक्तबाबा गरजायचे. "माझी फुंकर लागली की रक्त मोकळं!"

पहिल्या रांगेत एक निवृत्त मास्तरीणबाई बसल्या होत्या. जन्मभर विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे टाळ्यांना हात उचलत नव्हता. शेजारी त्यांची सून. दिवसभर शिवणयंत्रावर बसून लोकांचे कपडे शिवणारी. तिची आई आणि मामा, दोघंही पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊन गेले होते. तिच्याही पायात गाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की रक्त गोठवणारा एक घटक तुमच्यात जन्मतःच जास्त आहे, गोळ्या सोडू नका. मागच्या आठवड्यात बाबांनी शाप 'उतरवला' आणि गोळ्या कचऱ्यात गेल्या. आज पोटरी पुन्हा टरटरून सुजली होती.

"आई, बाबा म्हणतात, शापाचं मूळ राहिलंय."

"मूळ राहिलंय की गोळ्या राहिल्यात?"

"तुम्हाला प्रत्येकाच्या चुकाच दिसतात."

"पगार त्याचाच मिळायचा, बाळ."

सुनेचा पुकारा झाला. कुणाला शंका नको म्हणून वाट्यांचं तबक रुग्णाच्या घरच्याच माणसाच्या हाती द्यायचं, हा बाबांचा रुबाब. मास्तरीणबाईंनी ते अगदी भाविक चेहऱ्यानं धरलं. डावी वाटी उघड्यावरची, उजवी मात्र दर वेळी पेटीतून निघते, हे त्यांनी कधीच हेरलं होतं.

"सगळ्यांनी डोळे मिटा!" बाबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःही मिटले.

मास्तरीणबाईंनी तबक गर्रकन अर्धं फिरवलं; डावी वाटी उजवीकडे, उजवी डावीकडे.

बाबांनी सुनेच्या बोटाला नवी सुई टोचून थेंब डावीकडे टाकले, वाटी हलवली आणि मंत्र सुरू केला. मंत्र संपला. रक्त पातळच. बाबांनी मंत्र परत पहिल्यापासून धरला. रक्त आपलं पाण्यासारखं वाहतंय.

"शाप आज... लपून बसलाय," बाबा पुटपुटले. मोठी फुंकर मारून त्यांनी नवे थेंब उजवीकडे सोडले. थोड्याच वेळात तिथे लाल गोळा झाला.

"अगं बाई!" मास्तरीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बाबा, माझी सून चांगली होती. तुम्हीच फुंकर मारून शाप बसवलात की!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तबक फिरवलंय कुणीतरी!" बाबा ओरडले.

"फिरवलं, मीच फिरवलं. पण दोन्ही वाट्या सारख्याच ना? मग बिघडलं कुठे?"

बाईंनी पेटीतली दुसरी वाटी काढून उजेडात धरली. तळाशी पांढुरका थर होता. "रक्तपेढीच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून एक क्षार घालतात ना, तसलंच काहीतरी आत वाळवलंय. नुसत्या वाटीत कुणाचंही रक्त गोठतं. गोठतं म्हणूनच बोट कापलं तरी आपण जगतो. विश्वास नसेल तर आता बाबांचं बोट टोचू!"

"टोचा, टोचा!" हॉलला आता भलताच उत्साह आला. बाबा मागच्या दारानं सटकले.

सून रडवेली झाली होती. "म्हणजे शाप नाहीच?"

"नाक आईवर गेलंय तुझं, त्याला शाप म्हणतेस का? रक्तही तसंच तिच्यावर गेलंय. फक्त ते सांभाळावं लागतं. चल, रिक्षा थांबवलीय मी."

दवाखान्यात तपासल्यावर पोटरीत गाठ सापडली. ती अजून जागची हलली नव्हती, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. घरात असं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. चमत्कार दाखवणाऱ्याला बेधडक प्रश्न विचारा. उत्तर द्यायच्या ऐवजी जो चिडतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.