दुसऱ्या सासूचा ताप

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला ती कामावरून घरी आली, तेव्हा मातीच्या डोक्यावरचं ओलं फडकं काढलेलं होतं. वरची प्लास्टिकची पिशवीही नव्हती. ज्या चाकांच्या स्टुलावर ते डोकं असायचं, ते स्टूल कोपऱ्यातून ढकलत खिडकीशी उन्हात नेलेलं होतं, आणि मातीच्या गळ्याभोवती घरातला सगळ्यात मऊ टॉवेल गुंडाळला होता.

सासूबाई शेजारी खुर्चीत बसल्या होत्या.

"दिवसभर ओलं फडकं गुंडाळून ठेवतेस बिचारीला," त्या म्हणाल्या. "सर्दीने मरायची एखादी. मी पुसून काढलं चांगलं."

डोकं सासूबाईंचंच होतं. मागच्या हिवाळ्यापासून ती ते घडवत होती. कामावरून आल्यावर गॅसवर भाजी शिजेपर्यंतचा वेळ तेवढा तिचा. मग मुलीचा अभ्यास, सासूबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब, उद्याचे डबे. भाजीच्या त्या वेळात कधी एक पापणी व्हायची, कधी कालची पापणी मोडण्यातच वेळ जायचा. सासूबाई समोर बसून शेंगा सोलायच्या, म्हणून वेगळं कुणाला बसवायची गरज नव्हती. हल्ली त्या गोष्टी विसरायच्या, पण समोर आपलंच तोंड आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. "माझ्यापेक्षा गुणी आहे. उलटून बोलत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. तो रोज म्हणायचा, "एक सासू पुरली नाही का तुला?" आणि जाता जाता मातीच्या डोक्यावरची पिशवी नीट ओढून द्यायचा.

तिने टॉवेल सोडला. डाव्या कानामागून निघालेली भेग जबड्याखालून हनुवटीपर्यंत आली होती. माती वाळली की आक्रसते, आत आधाराला घातलेला लोखंडी पाइप आक्रसत नाही. मग माती फाटते.

रविवारी सकाळी आठला साचेवाला येणार होता. तो साचा काढणार, मग प्लास्टरचं डोकं प्रदर्शनाला जाणार. लग्नानंतर पुरं होत आलेलं हे तिचं पहिलंच काम. साचेवाला सोमवारी बाहेरगावच्या कामावर निघाला की थेट प्रदर्शन संपल्यावर परतणार होता.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं, सुटले. रविवारी झोपता येईल. हा विचार तिने लगेच हाकलला नाही. चप्पलही न काढता ती जमिनीवर बसून राहिली.

"भाजी टाकायची नाही का आज?" सासूबाईंनी विचारलं. कवळी काढलेली होती, त्यामुळे बोलताना ओठाचा डावा कोपरा आत ओढला गेला. ती कवळी हिनेच केलेली. दातांच्या लॅबमध्ये गुलाबी मेणात दात बसवण्यात तिचा दिवस जायचा. तो आत जाणारा कोपरा मातीत पकडायला मात्र तिला अख्खा उन्हाळा लागला होता. तिने वर पाहिलं. मातीतला कोपरा शाबूत होता.

ती उठली आणि स्टूल सावलीत ढकललं.

वाळलेल्या मातीवर ओली माती थापून चालत नाही, ती धरत नाही. आधी जुन्या मातीत हळूहळू पाणी मुरवावं लागतं. ओल्या पट्ट्या, तासातासाला बदललेल्या, उद्याचा अख्खा दिवस. मग रात्री भेग बुजवायची.

"उद्या सुट्टी मिळणार नाही?" जेवताना नवऱ्याने विचारलं.

"सोमवारी बारा कवळ्या जायच्यात. तुला?"

"उद्याच्या ड्यूटीला माझा नंबर आहे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर काय सांगू, आईचं डोकं फुटलंय?"

"मी बसलेय की धडधाकट," सासूबाई म्हणाल्या.

मुलगी हसली. तिचीही उद्या संध्याकाळपर्यंत शाळा आणि शिकवणी होती. घरी राहणारं माणूस एकच, आणि पट्टी काढणारंही तेच.

शनिवारी सकाळी तिने पाण्याचं पातेलं आणि जुन्या साडीच्या पट्ट्या सासूबाईंच्या हाताशी ठेवल्या. रात्रभर विचार करून तिने एकच वाक्य ठरवलं होतं.

"आई, हिला ताप आलाय."

सासूबाईंनी मातीच्या कपाळाला हात लावला. "तरी म्हटलं, तोंड का उतरलंय." त्या खुर्ची ओढून बसल्या. पहिली पट्टी पिळून त्यांनी अशी काही बेताने ठेवली, की भेगेवर एक सुरकुती राहिली नाही. मुलांची आजारपणं काढलेले हात होते ते. "जा तू. मी आहे."

लॅबमध्ये ती दर तासाला घरी फोन करत होती. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला म्हणाला, "घरात कुणी आजारी आहे का?"

"सासूबाई," ती म्हणाली. आणि लगेच, "म्हणजे, त्यांना काही झालेलं नाही."

जागरणाने तिचे डोळे चुरचुरत होते, आणि मेणात एक सुळा उलटा बसला होता. तिने तो काढून पुन्हा बसवला.

दुपारपर्यंत ठीक चाललं होतं. "पट्टी बदलली," सासूबाई प्रत्येक वेळी सांगत होत्या. एकदा म्हणाल्या, "पाणी चांगलं पितेय."

सव्वाचारला तिने फोन लावला, तेव्हा त्यांचा आवाज मोकळा होता.

"उतरला गं ताप. अंग कसं गार लागतंय. उगाच जीव घाबरा केलास."

"आई, पट्टी आहे ना अजून डोक्यावर?"

"तू काळजी करू नकोस. दमलेयस. नीट काम कर तुझं."

"आई, पट्टी..."

फोन ठेवला गेला होता. तिने पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. नवऱ्याचा फोन बंद होता, म्हणजे तो कुठल्यातरी लिफ्टच्या तळाशी असणार. तिच्यापुढे चार कवळ्या उरल्या होत्या आणि काम साडेपाचला सुटणार होतं. तिने फोन टेबलावर उताणा ठेवला, मेणाची सुरी गरम केली आणि पुढचा दात उचलला.