काबरीची धार

कवड्यांचा आवाज कानावर पडला तसा देवीलाल खाटेवरून उठला आणि अनवाणीच गोठ्याकडे धावला. अंगणात चिखल होता. दाराशी त्याचा पाय घसरला. त्याने खांब धरला आणि तिथेच उभा राहिला.

आत काबरी गाय होती. तिच्या पोटाशी, लाल ओढणी डोक्यावरून घेतलेलं कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. ओढणीच्या काठाला कवड्या आणि जुने पैसे शिवलेले होते. हात हलला की ते वाजत. चरवीत धार पडत होती.

"याडी," देवीलाल म्हणाला.

धार थांबली. मान वळली. ओढणीखाली बापाच्या पांढऱ्या मिशा होत्या.

"नीज ना आनखी," पूनमसिंग म्हणाला. "बोटीनं, रेल्वेनं येऊन दमला अशीन."

देवीलालने खांब सोडला. त्याची आई, रुपीबाई, संक्रांतीच्या सुमारास तापाने गेली होती आणि आता श्रावण लागला होता. हे त्याला माहीत होतं. तिला 'याडी' म्हणून शेवटची हाक त्याने तीन वर्षांपूर्वी दिग्रसच्या मोटारस्टँडवर मारली होती. आज ती तोंडातून कशी निघाली, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

बापाने मान परत वळवली. कवड्या वाजू लागल्या.

उजाडल्यावर बिजलीबाई चहा घेऊन आली. ती पूनमसिंगच्या वारलेल्या मोठ्या भावाची बायको. शेजारच्याच घरात राहायची, आणि दिराची थट्टा करायचा हक्क तिने कधी सोडला नव्हता.

"पाह्यलं का तुह्या बापाले?" ती देवीलालला म्हणाली. "आपल्या तांड्यात मिशावाली बाई एकच हाय. लोकं दुरून दुरून पाहाले येतात."

"येऊ दे ना, भोजाई," पूनमसिंग म्हणाला. "तुले पाहाले कोनी येत नाई म्हनून तुह्या पोटात दुखते."

मग तिनेच सगळं सांगितलं. काबरीचं वासरू थंडीत मेलं. तेव्हापासून ती फक्त रुपीबाईला दूध देत होती, दुसऱ्याने हात लावला की पान्हा चोरायची. रुपीबाई गेली आणि कास दगडासारखी झाली. बिजलीबाईने धार काढून पाहिली, तर अशी लाथ बसली की अजून पोटरीवर डाग होता. शेवटी एका सकाळी पूनमसिंग रुपीबाईची ओढणी घेऊन बसला आणि गाईने पान्हा सोडला.

"तवापासून हेच चालू हाय," बिजलीबाई म्हणाली. "हा कोठी गावाले जात नाई, कोठी मुक्काम करत नाई. लग्नाले नाई, मयतीले नाई. आन् पुढच्या बजारी पुसदकडचे पाव्हने येऊन राह्यले. तुह्यासाठीच. किसनसिंगची पोट्टी हाय, सातवी शिकेल. ते आले आन् व्याही असा ओढणी घेऊन बसेल दिसला, त काय म्हनतीन? तू ढोराचा डाक्टर होऊन राह्यला ना? मंग कर ना इलाज."

"करतो, मोठी याडी," देवीलाल म्हणाला.

हे बोलताना त्याला खरोखर बरं वाटलं. सरकारी शिष्यवृत्तीवर तो स्कॉटलंडला गेला, तेव्हा तांड्यातल्या माणसांनी विचारलं होतं, ढोरं इथे असताना शिकायला तिकडे कशाला? त्याला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आई तापाने फणफणली होती तेव्हा तो बर्फातल्या एका गोठ्यात, परक्याच्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू सोडवत होता. अजून दोन वर्षं शिक्षण बाकी होतं. सुट्टी संपली की परत जायचं होतं. त्याआधी घरातली निदान एक गोष्ट त्याच्या शिक्षणाने नीट होणार होती.

दुपारी त्याने बापाला समजावून सांगितलं. गाय मुद्दाम दूध ठेवत नाही. ती भ्याली की पान्हा चोरते, आणि ओळखीची खूण मिळाली की सोडते. तिकडच्या गाई नुसता बादलीचा आवाज आला तरी पान्हवतात. काबरीची खूण ओढणी आहे. खूण बदलता येते, फक्त घाई करायची नाही. आधी ओढणी डोक्याऐवजी खांद्यावर घ्यायची, मग जवळ खुंटीला लावायची, मग घरात ठेवायची.

"मंग?" पूनमसिंगने विचारलं.

"मंग तिची गरजच नाई."

पूनमसिंग अंबाडीची दोरी वळत होता. एक पीळ सुटला. त्याने तो उकलून पुन्हा घातला.

"तू म्हनशीन तसं," तो म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, आज श्रावणसोमवार आहे, आज नको. त्यानंतरच्या दिवशी आभाळ गडगडत होतं, गाय आधीच बिचकलेली होती. पुढे एकदा देवीलाल उठायच्या आतच धार काढून झाली होती आणि ओढणी पेटीत गेली होती.

"कवा करतं रे बापा तुहा इलाज?" बिजलीबाई विचारत होती. "पाव्हने जेवून हात धुतीन तवा?"

एका संध्याकाळी बापलेक ओट्यावर बसले होते. पूनमसिंगने बिडी पेटवली. मग अंगणाकडे पाहतच त्याने विचारलं,

"तार आली तवा तू कोठी होता?"

आल्यापासून हे त्याने विचारलं नव्हतं.

"डोंगरात गेलतो, एका शेतावर. बर्फानं रस्ता बंद झालता. खोलीवर परत आलो तवा भेटली तार. लय दिवस पडून होती."

"मंग?"

"घरमालकीन चांगली बाई होती. तिनं चाय देली. पर तिले काय सांगू, बा? याडीचं नाव बी तिच्या तोंडात बसत नव्हतं. मंग कालेजच्या गोठ्यात गेलो. तठी एक गाय होती. तिले सांगतलं सगळं. आपल्या बोलीत."

पूनमसिंगने बिडी तोंडातून काढली. "काय म्हने ते?"

"काई नाई. उभी राह्यली."

"हं," पूनमसिंग म्हणाला. "उभी राह्यते." बराच वेळ त्याने बिडी परत तोंडात धरली नाही. ती विझून गेली.

जनावराला हात लावण्याआधी दूर उभं राहून नुसतं बघा, असं देवीलालला तिकडे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. इथे आल्यापासून त्याने नेमकं तेच केलं नव्हतं. पाहुणे यायच्या दिवशी तो बापाच्या आधी उठला आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीला टेकून उभा राहिला. कुडाच्या फटीतून आतलं दिसत होतं. कंदील खुंटीला होता.

पूनमसिंग अंगणात आला आणि खोकला. काबरीने कान वळवले. बाप अजून आत आलाही नव्हता, तोच तिच्या सडांतून थेंब गळायला लागले होते.

तो आत आला. डोकं उघडं होतं. ओढणी घडी करून काखेत धरलेली होती. ती त्याने गव्हाणीच्या काठावर ठेवली, कास धुतली, आणि पहिल्या धारा जमिनीवर काढल्या. जाड, भरलेल्या धारा होत्या. काबरी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. ओढणीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

देवीलालला वाटलं, आता बाप चरवी पुढे ओढेल. पण पूनमसिंगने हात धोतराला पुसून कोरडे केले. मग ओढणी उचलली आणि कवड्या वाजू नयेत अशा बेताने तिची एकेक घडी उलगडली. थोडा वेळ त्याने तिच्यात तोंड खुपसलं. मग ती डोक्यावर घेतली, चरवी गुडघ्यांत धरली आणि धार काढायला बसला.

"पोरगा वाळला, रुपी," तो म्हणाला. "भोजाई म्हनते गोरा झाला. मले त पांढराफट दिसते. तठी भाकर भेटत नसन त्याले. आज पाव्हने येऊन राह्यले. तू राह्यली असती त पुरनपोळी तुह्या हातची झाली असती. भोजाईची तुले मालूमच हाय, पापडावानी होते."

धार पडत होती. काबरी उभी होती.

देवीलाल गंजीमागून निघाला. चिखलात आवाज होऊ नये म्हणून तो दगडांवर पाय ठेवत गेला आणि खाटेवर आडवा झाला. बाप चरवी घेऊन घरात आला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

पाहुणे दुपारी आले. किसनसिंग अंगाने आडवा, मोठ्या पागोट्याचा, मोठ्याने हसणारा माणूस होता. जेवणं झाली, सुपारी झाली. बिजलीबाईच्या पोटात गोष्ट राहत नव्हती. पाहुण्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तिने स्वतःच काबरीची हकिगत सांगून टाकली.

"पर आता पोरानं इलाज केला," तिने कोणाला न विचारताच ठोकून दिलं. "आज पूनम तसाच बसते, बिना ओढणीचा. पाहाच तुमी."

"दाखवा ना मंग, डाक्टरसाहेब," किसनसिंग म्हणाला. "आमी बी पाहातो सायबाची विद्या."

संध्याकाळच्या धारेला गोठ्यापुढे सगळी जमली. शेजारपाजारचेही आले. पूनमसिंग खांबाशी उघड्या डोक्याने उभा होता. ओढणी घरात, पेटीत होती. त्याने मुलाकडे पाहिलं. कचेरीत साहेब निकाल वाचायला लागतो तेव्हा माणूस पाहतो, तसं.

"बा नाई," देवीलाल म्हणाला. "मी बसतो."

तो चरवी घेऊन बसला. कास गरम होती, भरलेली होती. त्याने सड धरले, पण मूठ आवळली नाही. नुसते हात खालीवर केले. कोपरं हलली, खांदे हलले. चरवीत काही पडलं नाही. मागची माणसं वाकून पाहू लागली. त्याने तसेच हात हलवत ठेवले. कपाळावर घाम आला. काबरीने कंटाळून पाय उचलला आणि परत ठेवला.

"अहो डाक्टर," किसनसिंग म्हणाला, "देवळातली घंटा हाय का ते, वाजवाले?"

सगळे हसले.

"तीन वर्सं सायबाच्या मुलकात राहून हे शिकला काय रे बापा?" बिजलीबाईने कपाळाला हात लावला. "ह्यापेक्षा अठी गुराख्यामांगं फिरला असता त बरं होतं."

देवीलाल उठला. त्याने रिकामी चरवी बापाजवळ ठेवली.

"नाई होत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हिचा इलाज आमच्या पुस्तकात नाई. ओढणी काढली त हे गाय आटून जाईन. जवर दूध देते, तवर ओढणी लागनच. कोनी त्यात हात घालू नोका." मग बापाकडे न पाहता तो म्हणाला, "बा, ओढणी घेऊन ये."

पूनमसिंग जागचा हलला नाही. तो मुलाच्या बोटांकडे पाहत होता. बोटं कोरडी होती, आणि बापाचा सगळा जन्म गाई पिळण्यात गेला होता. देवीलालने हात मागे घेतले.

मग पूनमसिंग घरात गेला आणि ओढणी घेऊन आला. सगळ्यांसमोर त्याने ती डोक्यावर घेतली. कोणीतरी पोरगं फिसकन हसलं. तो खाली बसला आणि चरवी वाजायला लागली. हळूहळू हसणं थांबलं. फेस वर आला तरी तो उठेना.

जाताना किसनसिंगने देवीलालच्या पाठीवर थाप मारली.

"पोट्टी देऊ तुले," तो म्हणाला. "पर आमच्या गोठ्यात पाय ठेवाचा नाई, सांगून ठेवतो."

सुट्टी संपली. दिग्रसची गाडी सकाळी फाट्यावर मिळायची. बिजलीबाईने आदल्या दिवशीच चिवडा आणि लोणचं बांधून दिलं होतं, आणि जनावरांऐवजी दुसरं काही शिकता येतं का ते तिकडे विचारून बघ, असंही सांगितलं होतं.

अजून अंधारच होता. पूनमसिंगने देवीलालला खांद्याला हलवून उठवलं.

"चाल," तो म्हणाला. "आज धार तू काढ."

गोठ्यात कंदील लावलेला होता. कास धुऊन झाली होती. पूनमसिंगने काखेतली ओढणी काढून मुलापुढे धरली.

देवीलालने हात पुढे केला नाही. "मले नाई देनार ते, बा."

"देते," पूनमसिंग म्हणाला. "या टायमाले मूठ आवळजो."

देवीलालने ओढणी घेतली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती. त्याने ती डोक्यावरून घेतली तेव्हा कवड्या कानाला लागल्या. चुलीच्या धुराचा, तेलाचा वास होता, आणि त्यावर बापाच्या बिडीचा. तो खाली बसला.

पूनमसिंगने काबरीच्या पाठीवर हात ठेवला. थोपटलं.

"काय सांगाचं अशीन ते सांग," तो म्हणाला. "गाडीले टाईम हाय. मी बाहीर हावो."

तो गेला. अंगणात त्याचं खोकणं लांब गेलं.

देवीलालने मूठ आवळली. चरवीच्या बुडावर धार वाजली, मग दुसरी. कवड्या हलायला लागल्या. चरवी निम्मी भरली.

"याडी," तो म्हणाला, आणि मग पुढचं सांगू लागला.

काबरी उभी राहिली.