जास्तीच्या चार खुर्च्या

माझ्या थोरल्या भावाला हिशेब कळतो, पण हात आखडता घेणं काही जमत नाही. शंभर खुर्च्यांची ऑर्डर असली की हा पठ्ठ्या एक वर टाकणारच. वाटेत एखादी मोडली तर गिऱ्हाइकाचा खोळंबा नको, एवढंच त्याचं म्हणणं. आसपासचे दुकानदार खूश होते, म्हणून मीही गप्प बसायचो.

या वेळची ऑर्डर समुद्रापलीकडची होती. चारशे खुर्च्या. तिथल्या व्यापाऱ्याच्या बँकेनं लेटर ऑफ क्रेडिट काढलं होतं: माल जहाजावर चढवा, ठरलेले कागद मुदतीत द्या, ते बिनचूक असले की पैसे तुमचे. त्या भरवशावर आम्ही कारखाना गहाण टाकून लाकूड उचललं. मी दादाला बजावलं होतं, "यात लिहिलंय तस्संच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही." त्यानं मान डोलावली. पण चार खुर्च्या फुकट द्यायला डोकं कुठे लागतं?

मी तापानं अंथरुणात होतो, तेवढ्यात त्यानं पेट्या भरून रवाना केल्या. चारशे चार. वर लपवाछपवी नको म्हणून मालाच्या यादीत आणि जहाजाच्या पावतीतही तसं लिहून घेतलं. एवढा सरळ माणूस घरात असला की शत्रूची गरज पडत नाही.

ताप उतरल्यावर मी कागद घेऊन आमच्या बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी आकड्याखाली पेन्सिलीची रेघ ओढली.

"पत्रात चारशे आणि इथे चारशे चार. हे नाही चालणार."

"अहो, कमी नाही, जास्त दिल्यात!"

"कमी काय, जास्त काय. बँक कागद बघते, खुर्च्या नाही बघत."

"मग दुसरी यादी करून आणतो."

"आणि जहाजाची पावती? जहाज गेलं. मुदत आजच संपतेय. आता तो व्यापारी 'चालेल' म्हणाला तरच पैसे मिळतील."

मी बाईंवर उगाच खेकसलो. खरा राग दादाचा होता, पण त्याला बोलायला जीभ रेटेना.

व्यापारी कशाला 'चालेल' म्हणतोय? दरम्यान तिकडे खुर्च्यांचे भाव पडले होते, त्याला आयतंच निमित्त मिळालं. त्याचा निरोप आला: कागद नामंजूर, निम्म्या किमतीत देत असाल तर बघू. बंदरात पेट्यांचं भाडं रोज चढत होतं, आणि माल परत आणायचा तर आणखी खर्च. निम्म्या पैशांत लाकडाचं कर्जसुद्धा फिटत नव्हतं. भिंतीवरच्या करवती उतरवून वहिनी एकेक पुसायला लागली. कारखाना जाणार, हे तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

निम्म्या किमतीच्या करारावर दादानं सही केली. पेन माझ्या हातात देताना त्यानं विचारलं, "खुर्च्या कशा वाटल्या रे त्यांना? काही बोलले का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"पेट्या उघडल्याच नाहीत, दादा. अजून कुणी बघितल्याच नाहीत."

तो टेबलाची कड चाचपत राहिला.

"एकदा कुणी बसून तरी बघायचं होतं," तो म्हणाला.