यादीत नसलेले अप्पा

वादळ किनाऱ्यावर आदळून सव्वीस तास झाले होते आणि अप्पांचा फोन लागत नव्हता. अप्पा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणे गावात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एकटे राहतात. आणि मी चंदीगडला, आयटी पार्कातल्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सरकारला शिव्या घालत होते.

शिव्या घालायला मला फार मोठं कारण लागत नाही, असं प्रसन्न, माझा नवरा, लग्नापासून सांगत आलाय. पण या वेळी कारण होतं. मागच्या वादळात गावाकडे तीन दिवस कोणी फिरकलं नव्हतं. पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या, आणि साहेब लोक आले ते चौथ्या दिवशी, फोटो काढायला. आताही तेच होणार, याची मला खात्री होती. बाहेर जूनचं ऊन कडकडीत पडलं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि मला त्याचाही राग येत होता.

"मीनाक्षी, लगा फोन?" माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी गुरलीन चहा घेऊन जिन्यात आली. मी तालुक्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर पुन्हा फिरवला. अकराव्यांदा लागला.

पलीकडून एका बाईंनी आपलं नाव उल्का असं सांगितलं. बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. मी सरळ तोंड सोडलं. "वादळ येणार हे चार दिवस आधी माहीत होतं ना तुम्हाला? मग एकट्या म्हाताऱ्या माणसांना हलवायचं काम कोणाचं? माझं की सरकारचं?"

"सरकारचंच, ताई," त्या म्हणाल्या. "नाव सांगा."

मला भांडायचं होतं, आणि या बाई भांडायलाच तयार नव्हत्या. मी अप्पांचं नाव आणि गाव सांगितलं. कागद उलटल्याचा आवाज आला.

"गोपीनाथ, खालची वाडी. एकट्या वृद्धांच्या यादीत होतं नाव. पण मार्चमध्ये खोडलंय."

"खोडलं? कोणाच्या सांगण्यावरून?"

"शेरा वाचते. 'मुलीकडे चंदीगडला कायमचे राहतात. माहिती देणार: मुलगी, फोनवर.'"

मी जिन्यातच खाली बसले.

मार्चमध्ये ग्रामपंचायतीतून एका मुलीचा फोन आला होता खरा. आजोबा एकटेच असतात का, असं तिने विचारलं होतं. डिसेंबरात मी अप्पांना इकडे आणलं होतं, ते अठरा दिवसांत पळाले. म्हणे, "इथे रस्ते सरळ, घरं एकसारखी, चौकसुद्धा गोल. माणसाने रुसून जायचं तरी कुठे?" पण गाव थोडंच हे ऐकणार? एकुलती एक लेक तिकडे मजेत आणि बाप इकडे वाऱ्यावर, हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून मी त्या मुलीला ठणकावून सांगितलं, "छे हो, अप्पा आता आमच्याकडेच असतात." सांगितलं आणि विसरूनही गेले.

"ताई, आहात ना?"

"ते गावातच आहेत," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं होतं."

त्या मला काहीही बोलू शकल्या असत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "फोन ठेवू नका. शाळेत लोकांना हलवलंय, तिथे वायरलेस आहे. विचारते."

चार मिनिटं. गुरलीनने काही न विचारता माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटायला लागली, "वाहेगुरू, वाहेगुरू." मी आमच्या ग्रामदेवतेला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही.

"ताई? शाळेत आहेत तुमचे अप्पा. परवा दुपारपासून. ठणठणीत आहेत, पिठल्यात मीठ कमी आहे म्हणून भांडतायत."

म्हणजे अप्पाच. दुसरं कोणी असणं शक्य नाही. मी जिन्यात बसून मोठ्याने रडले, आणि येणारे-जाणारे बघतायत याची मला काडीचीही लाज वाटली नाही.

"पण यादीत तर नव्हते," मी कसंबसं म्हणाले.

"मागच्या वादळात यादीबाहेरची माणसंच मागे राहिली होती. तेव्हापासून नियम केलाय. यादी संपली की ती खिशात घालायची आणि दिसेल ते प्रत्येक दार वाजवायचं, कुलूप असलं तरी. वेळण्याचे कोतवाल कृष्णकांत तुमच्या घरावरून गेले. कागदावर घर बंद, आणि दांडीवर ओला पंचा वाळत घातलेला. अप्पा यायला तयार नव्हते. उचलून आणलं. घरावर माड पडलाय, ताई. छप्पर राहिलं नाही. पडवीत खाट होती ना, तिच्यावरच."

त्या खाटेवर अप्पा दुपारचे झोपतात. सकाळपासून सरकारला घातलेल्या शिव्या एकेक आठवायला लागल्या.

"बरं, नोंद दुरुस्त करून घेते," उल्काताई म्हणाल्या. त्यांच्या मागे दुसरा फोन वाजत होता. "कुठे राहतात लिहू?"

"वेळण्यालाच." मी डोळे पुसले. "एकटे राहतात."

"माहिती देणार?"

"मुलगी," मी म्हणाले.