वहिनी कशाला येते

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली आणि आठवडा व्हायच्या आत वहिनी दारात हजर. ही तीच वहिनी, जिला आईनं भर दुपारी नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर काढलं होतं. भावानं तर केव्हाच दुसरा संसार थाटला. कागदोपत्री नातंसुद्धा संपलेलं.

"ताई, पाणी गरम करा," बाह्या दुमडत ती म्हणाली.

माझी कंबर धरलेली. एकटीला आई कुशीवर वळवता येत नव्हती, तिच्या पाठीवर जखमा व्हायला लागल्या होत्या. नाइलाजानं वहिनीला घरात घेतलं, पण डोळ्यांत तेल घालून बसले. आईच्या बांगड्या काढून माझ्या कपाटात ठेवल्या. त्या कुठे गेल्या, हे तिनं विचारलंही नाही, तेव्हा तर माझा संशय आणखी वाढला. म्हणजे हिला सोनं नको, सूड हवाय. आईला धड बोलता येत नाही, हिनं चिमटा काढला तरी ती सांगणार कशी?

शेवटी सरळच विचारलं, "का येतेस गं?"

"धर्म आहे म्हणून."

माझं डोकंच फिरलं. हा शब्द आईचा. सुनेचा धर्म, सुनेचा धर्म म्हणत तिनं या बाईला पिळून काढलं होतं.

"आता कुठली तू सून?"

"सुनेचा कोण म्हणतंय? त्यांना वळता येत नाही, मला वळवता येतं. दुसरं कुणी पडलं असतं तरी आले असते."

इतकं सरळ कुणी असतं का? मला नाही पटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाते म्हणून निघाले आणि मागच्या दारानं येऊन पडद्याआड उभी राहिले. वहिनी आईची पाठ पुसत होती, जखमेला धक्का न लावता, कडेकडेनं. आई रडत होती. वाकड्या तोंडातून तिनं कसेबसे शब्द काढले, "माफ... कर."

आता ही गोड गोड बोलणार, मी मनात म्हटलं.

वहिनीचा हात थांबला. "नाही केलं अजून," ती म्हणाली. "जमेल की नाही, ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? हात इकडे द्या, काख पुसायची राहिलीय."

आणि तिनं मऊ फडक्यानं काख पुसली, पावडर लावली.

माफ केलं म्हणाली असती, तर मी तिला तिथल्या तिथं हाकललं असतं. मला लाज वाटली, फार वाटली. पडदा सारून आत गेले. मी तिथं काय करत होते, हे तिनं विचारलं नाही.

"तुम्ही खांदा धरा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी मिळून आईला वळवलं.